गुलाबी नखं आणि लोंबतं मनगट

"डॉक्टरकीतलं काही लिहा, पण फराळ करताना वाचता येईल असं," ही आमच्या दिवाळी अंकाच्या संपादकांची अट. ते विमा कंपनीतून निवृत्त झालेले गृहस्थ आहेत. वाईट बातमीसुद्धा हप्त्याहप्त्याने द्यावी असं त्यांचं मत. मी हो म्हटलं आणि मग विचार करत बसले, तर फराळाला चालेलशा गोष्टी माझ्याकडे फार निघाल्या नाहीत. पुढचं ज्यांना चालणार नाही त्यांनी पान उलटून रांगोळ्यांच्या फोटोंकडे जावं. ते दरवर्षी असतात.

माझं काम नसांचं. मेंदूकडून हातापायांकडे ज्या तारा जातात त्या शाबूत आहेत का, हे विजेचे बारीक झटके देऊन आणि सुया टोचून बघायचं. उमेदीची वर्षं सरकारी इस्पितळात गेली. आता जयपूरच्या राजा पार्कात एका खोलीत सकाळचे दोन-चार पेशंट बघते. खाली कचोरीवाला आहे, त्यामुळे माझ्या रिपोर्टांनासुद्धा तळणाचा वास येतो. मदतीला कमलाजी आहेत. पेशंटच्या हातावर चकत्या चिकटवताना त्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगतात, "डरो मत, सास की बात से कम चुभेगा." सासूलाही हेच सांगतात.

दंडाच्या मागून बाहेरच्या बाजूला एक नस हाडाला वळसा घालून खाली उतरते. तिथे ती हाडाला अगदी चिकटून असते. वर मांसाची गादी नाही, दुसरा काही आडोसा नाही. बाहेरून दाब आला की नस हाडावर दाबली जाते आणि मनगट वर उचलेनासं होतं. हात पुढे धरला की पंजा लोंबतो. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून दारूच्या नशेत झोपणाऱ्यांना हे होतं. नवी नवरी रात्रभर दंडावर डोकं ठेवून झोपली म्हणून एका नवरदेवाला झालं होतं. तो बिचारा सांगताना लाजून अर्धा झाला होता आणि सोबत आलेल्या आत्याला सगळं तपशीलवार हवं होतं. एका ठाकूरसाहेबांना आजोबांच्या कुबडीमुळे झालं. कुबडीला चांदीचं काम होतं आणि आजोबा त्यांच्यापेक्षा हातभर उंच होते. "लाकूड थोडं कापून घ्या," म्हटलं तर म्हणाले, "खानदान की चीज़ है." हात खानदानाचा नसावा.

इतकी वर्षं हेच समजावून सांगून मला कंटाळा आला आहे, हे खरं. नस म्हणजे काय, ती किती दिवसांत येईल, शेक देऊ का, बदाम खाऊ का. उत्तरं मला झोपेतही देता येतील, आणि देतही असेन.

अशाच एका कंटाळलेल्या सकाळी केतकी आली. नाव खरं नाही. लिहिण्याआधी मी तिला विचारलं, लिहून झाल्यावर वाचून दाखवलं, आणि तिने सांगितलेल्या दोन जागा खोडल्या. तेव्हा विद्याधर नगरात कुणाकुणाच्या मुली आहेत हे मोजत बसू नका. तिचे वडील बँकेत होते, बदलीवर इथे आले आणि इथेच राहिले. आईची आणि माझी हळदीकुंकवाची ओळख. केतकी जोहरी बाजारातल्या एका पेढीत पन्ने, म्हणजे पाचू, निवडायची. दिवसभर उजेडात बसायचं, चिमट्याने एकेक हिरवा खडा उचलायचा, फिरवून बघायचा, त्या त्या ढिगात टाकायचा. पन्ना मोठा नाजूक. आतून बहुधा तडकलेलाच असतो. जास्त दाबला तर जातो, सैल धरला तर उडतो.

सोबत नवरा होता, सौरभ. जयपूरचाच. चार्टर्ड अकाउंटंट, नीट भांग पाडलेला, शर्टाची सगळी बटणं लावलेला.

"काय झालं गं?"

"मावशी, मतलब, झोपेत हात अंगाखाली आला."

तिने उजवा हात पुढे केला. पंजा लोंबत होता. अंगठा उचलत नव्हता, बोटं सरळ होत नव्हती. चिमटा धरायला सांगितलं तर मनगट सांभाळत नाही म्हणून पकडच येईना.

"दारू घेतली होती?"

"नाही."

"झोपेची गोळी?"

"नाही."

आता, नशापाणी न करता झोपलेल्या माणसाचा हात दबला की मुंग्या येतात आणि तो झोपेतच कूस बदलतो. देवाने एवढी सोय केलेली आहे. म्हणून मी कुर्त्याची बाही वर करायला सांगितली. दंडावर पुसट वळ होते, दोन-दोनच्या जोडीने, दोरीच्या पिळाचे. डाव्या दंडावर तसेच, त्याच उंचीवर. पलंगाला पीळ नसतो.

सौरभ पंख्याकडे बघायला लागला.

"सौरभजी, ज़रा नीचे जाकर चाय पी आइए."

"मैं यहीं ठीक हूँ, मैम."

"आप ठीक हैं, वो दिख रहा है. मुझे इनसे बात करनी है."

तो गेला. कमलाजींनी दार लावलं आणि दाराला पाठ लावून उभ्या राहिल्या. असे वळ त्यांनी माझ्याइतकेच पाहिले आहेत. त्या सगळ्या बायका पलंगावरून पडलेल्या असतात, नाहीतर न्हाणीघरात घसरलेल्या. मी मनातल्या मनात पोलीस चौकीचा रस्ता, केतकीच्या आईचा चेहरा आणि माझी दुपारची झोप या तिन्ही गोष्टी मोजल्या.

"त्याने मारलं?"

"नाही! मावशी, बिलकुल नाही."

"मग बांधलं कोणी?"

"त्यानेच." ती थांबली. "मी सांगितलं होतं. मला कसं सांगायचं ते येत नाही. मराठीत मी फक्त जेवण आणि नातेवाईक बोलते."

"हिंदीत सांग."

हिंदीत तिने सांगितलं. जपानमध्ये दोरीने माणूस बांधायची एक पद्धत आहे. तागाची मऊ केलेली दोरी, ठरलेले वेढे, ठरलेल्या गाठी. कुणाला ती कला वाटते, कुणाला नवराबायकोमधली जवळीक, कुणाला दोन्ही. हे दोघे दुसऱ्या शहरात जाऊन एका वर्गात शिकून आले होते. बांधलेलं असताना तिचं डोकं शांत होतं, म्हणाली. दिवसभर खडे निवडून डोळ्यांपुढे हिरवं नाचतं, ते थांबतं.

मी पुष्कळ वाचते, त्यामुळे जगात काय काय चालतं याची मला कल्पना आहे. माझ्या दवाखान्याच्या जिन्यावरून ते चढून येईल याची नव्हती. पण मला दोरीत रस नव्हता. मला एकच जाणून घ्यायचं होतं, आणि ते 'तुझी मर्जी होती का' असं विचारून कळत नाही. त्याला सगळ्याच हो म्हणतात. म्हणून मी विचारलं, "तू नाही म्हणालीस तर घरात काय होतं?"

तिला प्रश्न विचित्र वाटला असावा. "काही नाही. तो चहा करतो."

"आणि मग?"

"मग आम्ही चहा पितो, मावशी."

कमलाजी दारापासून बाजूला झाल्या. "बुला लूँ उसको?" म्हणाल्या. एवढ्या वर्षांत त्यांचा अंदाज चुकलेला मी पाहिलेला नाही, तरी मी अजून दोनदा आडून-आडून तेच विचारलं. उत्तर चहापलीकडे गेलं नाही.

सौरभ वर आला तो आरोपीसारखा. खरं काय ते मला कळलं आहे हे समजल्यावर त्याने हिशेब तपासणीसाला कागद द्यावेत तशी माहिती द्यायला सुरुवात केली. गळ्याला दोरी कधीच नाही. दारू घेऊन कधीच नाही. टांगणं नाही, जमिनीवर गादी. कापायची बोथट टोकाची कात्री हाताशी. बांधलेल्या माणसाला एकटं सोडून दुसऱ्या खोलीतसुद्धा जायचं नाही. आधी बोलून ठरवायचं, नंतर पांघरूण, पाणी आणि पुन्हा बोलायचं. एक शब्द ठरवलेला, तो उच्चारला की लगेच सगळं सोडायचं.

मी ऐकत राहिले. लग्नानंतर इतकं बोलणारी जोडपी मी फार पाहिलेली नाहीत.

"और मैम, हर थोड़ी देर में नाखून देखे थे. गुलाबी थे. हाथ गरम थे. फिर ये कैसे हुआ?"

नेमकी इथेच गफलत झाली होती, आणि काळजी घेणाऱ्यांचीच होते. नखं गुलाबी, हात गरम, याचा अर्थ रक्त पोचतंय. नसेचं त्याच्याशी काही देणंघेणं नाही. रक्त व्यवस्थित वाहत असताना नस हाडावर चिरडली जाऊ शकते, आणि नखं शेवटपर्यंत गुलाबी राहतात. त्यांचे वेढे नेमके दंडाच्या बाहेरच्या अंगाला, त्या उघड्या जागेवर बसले होते, आणि ती उजव्या कुशीला कलून बसली होती. दोरी आणि हाड यांच्यामध्ये नस.

"नाखून नहीं, हाथ से काम करवाकर देखना था," मी म्हटलं. "कलाई ऊपर उठाओ, अंगूठा दिखाओ. नहीं उठा तो गाँठ मत ढूँढो, काट दो."

तो ते मोबाइलमध्ये लिहून घ्यायला लागला. तेवढ्यात केतकी म्हणाली, "मला कळलं होतं."

"काय?"

"अंगठा. बधिर झाला होता. मतलब, बऱ्याच आधी."

सौरभचा अंगठा मोबाइलवर थांबला. "तूने बोला क्यों नहीं?"

"तू पूछ रहा था, ठीक है ना? मैंने बोला, ठीक है."

"हमारा शब्द था ना! उसी के लिए तो था!"

"वो बहुत बुरा हो तब का था. इतना बुरा नहीं था." आणि मग, माझ्याकडे बघत, मराठीत, "इतकं छान बांधलं होतं त्याने, मावशी. तो खूश होता. फोटो काढत होता."

खाली कचोरीवाल्याने नवा घाणा टाकला, त्याचा चर्र आवाज आला. सौरभ रडला, बहुतेक. त्याने तोंड फिरवलं होतं. कमलाजींनी त्याला टिपायला कापूस दिला, स्पिरिट न लावलेला.

संमती या विषयात आम्ही डॉक्टर स्वतःला शहाणे समजतो. मागे एका मोठ्या इस्पितळात त्यावर परिसंवाद होता. दीपप्रज्वलन झालं, प्रमुख पाहुण्यांनी रुग्णाचा सन्मान या विषयावर जेवणाची वेळ टळेपर्यंत भाषण केलं. त्याआधी आम्हा सर्व वक्त्यांना साफे बांधले. मला साफ्याने अर्धशिशी उठते. मागून दोन हात आले, नऊवार कापड डोक्याभोवती गरागरा फिरलं, आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. बांधणाऱ्याने विचारलं नाही असंही नाही. "ठीक है ना, मैडम?" असं त्याने शेवटी विचारलं होतं, आणि मीही "बहुत बढ़िया" म्हटलं. मग व्यासपीठावर बसून स्वतंत्र संमतीवर दोन शब्द बोलले. त्या दिवशी केतकीसमोर बसलेली असताना मला हे आठवलं आणि मी तिला उपदेश केला नाही.

मनगट सरळ धरणारी पट्टी दिली. व्यायाम दाखवले. तिने विचारायचं ते विचारलंच, "हात येईल ना?"

मी खरं ते सांगितलं. नस म्हणजे वेष्टणातली तार. नुसतं वेष्टण चेपलं असेल तर दोन-तीन महिन्यांत हात येतो. आतली तार तुटली असेल तर ती वरून खाली पुन्हा वाढत यावी लागते, गोगलगाय लाजेल अशा चालीने, आणि मग पूर्ण येईलच असं सांगता येत नाही. कुठलं काय ते आज मशीनवरही नीट कळणार नाही; दोन-तीन आठवडे थांबावं लागेल.

"पन्ने?"

"डाव्या हाताने नाही जमणार?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी पुन्हा विचारलं नाही. पेढीवर हिवाळ्याचा माल यायला लागला होता. तिच्या जागी तात्पुरता कुणी बसवला होता, आणि तात्पुरता बसलेला माणूस उठत नाही हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. निवडणाऱ्याची किंमत त्याच्या नजरेत आणि हातात असते. नजर शाबूत होती.

मध्ये तिच्या आईचा फोन आला. "केतकीचा हात झोपेत दबला म्हणे. या मुली झोपतात तरी कशा!"

"नस दबली आहे," मी म्हटलं. तेवढं खरं होतं आणि तेवढंच त्यांचं होतं.

ठरल्याप्रमाणे सुईच्या तपासणीला दोघं आली. बारीक सुई स्नायूत घालायची, ती मशीनला जोडलेली असते, आणि स्नायूचा आवाज कर्ण्यातून ऐकायचा. निरोगी स्नायू स्वस्थ असताना गप्प असतो. ज्याची तार तुटली तो तापल्या तव्यावर पाण्याचे थेंब पडावेत तसा आपोआप तडतडतो. केतकीच्या हातातून तडतड आली. पण "मनगट उचलायचा प्रयत्न कर," म्हटल्यावर त्या तडतडीतून ठक, ठक असे दोन-चार सुटे ठोकेही आले. मनगट हललं नाही. पण म्हणजे काही तारा तरी शाबूत होत्या.

दुखतं ते. सुई आत असताना स्नायू आवळायचा म्हणजे कुणालाही दुखतं. मी मधूनमधून विचारत होते, "चालेल?" ती म्हणत होती, "चालेल." डोळ्यांतून पाणी कानाकडे वाहत होतं आणि ती म्हणत होती, चालेल. पुढच्या स्नायूला मी विचारायची तऱ्हा बदलली. "आता किती दुखतंय? थांबू की पुढे जाऊ?" तिने डोळे उघडून नवऱ्याकडे पाहिलं, कमलाजींकडे पाहिलं, आणि म्हणाली, "जसं तुम्हाला बरं पडेल."

मला काय बरं पडेल असं विचारलं तर मला घरी जाऊन पाय वर करून पडायचं होतं. मी सुई काढली. "उरलेलं पुढच्या वेळी," म्हटलं. ती उलट ओशाळली. "नाही, नाही, करा ना मावशी. माझ्यामुळे अर्धवट नको."

हात आला. आधी कोपराजवळचं मांस भरलं, मग एके दिवशी मनगट टेबलावरून बोटभर उठलं. सौरभने त्याचा व्हिडिओ पाठवला, त्यात त्याचाच आवाज जास्त होता. मग बोटं, मग अंगठा. ती अर्धा वेळ पेढीवर जाऊ लागली. दोरी आता घरात आहे का, हे मी विचारलं नाही. एकदा तिनेच सांगितलं की अजून काही ठरलेलं नाही, पण सौरभ आता "ठीक है ना" म्हणत नाही. भाजीत मीठ कसं आहे हेसुद्धा तो "कम है या ज़्यादा" असं विचारतो. "वैताग आलाय, मावशी," म्हणाली.

शेवटच्या तपासणीला ती एकटी आली. या नसेच्या अगदी टोकाला एक छोटा स्नायू आहे, तर्जनी एकटीच वर उचलणारा. वरून येणारी दुरुस्ती सगळ्यांत शेवटी त्याच्यापाशी पोचते. तो आला म्हणजे नस आली. चिमट्यासाठी तिला तो हवा होता, आणि रिपोर्ट पुरा व्हायला मला. बाकीचे स्नायू छान बोलले. मी हाताच्या मागच्या बाजूला जागा शोधली, सुई घातली. कर्णा गप्प होता.

"हात ढिला सोड. आता मी सांगेन तेव्हा..."

"मावशी, थांबा."

"झालंच गं, एकच राहिलंय."

"नाही. आत्ता थांबा."

आणि तिने मला बोट दाखवलं. उजव्या हाताची तर्जनी, एकटी, ताठ, माझ्या नाकासमोर. कर्ण्यातून पत्र्यावर पोतंभर बाजरी ओतावी तसा आवाज आला, कमलाजी दचकल्या.

आवाज ऐकत राहावं, चित्र साठवावं, तिला म्हणावं की असंच धरून ठेव क्षणभर, हे सगळं माझ्या मनात आलं. मी सुई काढली. कमलाजींनी कापूस दाबला. केतकी स्वतःच्या बोटाकडे बघत होती.

त्या स्नायूपुढे मी रिपोर्टमध्ये 'नोंद अपूर्ण, रुग्णाने थांबवायला सांगितले' असं लिहिलं आणि सही केली. तिने तो उजव्या हाताने घेतला, घडी न करता, आणि पेढीवर उशीर होतोय म्हणून जिना उतरून गेली.